‘आढळले नाही’ म्हणजे नक्की काय? ॲस्बेस्टॉसचा रिपोर्ट कसा वाचायचा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय आपल्या डोक्यावरचा आहे. अगदी शब्दशः डोक्यावरचा.

तुम्ही जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, कुठूनही ऐकत असा, जरा आजूबाजूला बघा. कुठल्या तरी गोठ्यावर, कांदा चाळीवर, जुन्या शाळेच्या खोलीवर करड्या रंगाचा, लाटालाटांचा पत्रा दिसेल. आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. लोखंडी पत्र्याएवढा तापत नाही, गंजत नाही, पावसात कमी वाजतो आणि खिशाला परवडतो. म्हणून गावोगाव पोचला.

पण त्याचं पूर्ण नाव ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट’ पत्रा. सिमेंटला धरून ठेवायला त्यात साधारण आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉसचे धागे असतात. हे धागे कापसासारखे झाडावर येत नाहीत, खाणीतून येतात. तो दगडच धाग्यांचा असतो. अशी सहा खनिजं ॲस्बेस्टॉस म्हणून ओळखली जातात. आपल्या पत्र्यात असतं ते पांढरं, त्याला क्रायसोटाइल म्हणतात.

पत्रा अख्खा असेल तर धागे सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. अडचण होते तो कापताना, ग्राइंडर लावताना, फोडताना, किंवा खूप जुना होऊन वरचा थर झिजायला लागल्यावर. मग डोळ्याला न दिसणारे धागे हवेत जातात आणि श्वासातून फुप्फुसात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस ‘माणसात कर्करोग करणारं’ या पहिल्या गटात ठेवलंय. आणि आजार लगेच दिसत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षं जातात. म्हणजे आज बाविसाव्या वर्षी पत्रा कापणाऱ्या पोराला त्रास होईल तो त्याची पोरं कॉलेजात गेल्यावर.

३ जून २०२० आठवतोय? निसर्ग चक्रीवादळ. श्रीवर्धनकडून आत आलं आणि आपल्या जुन्नर-आंबेगावपर्यंत घरांचे, शाळांचे पत्रे उडवत गेलं, पॉलिहाउस फाडत गेलं. अशा वेळी पंचनामा नुकसानीचा होतो. फुटलेल्या सिमेंट पत्र्याच्या तुकड्यांचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. ते रस्त्याच्या खड्ड्यात जातात, गोठ्याच्या कुडाला लागतात.

कायद्याचं म्हणाल तर साठहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केलंय. आपल्याकडे पत्रा विकणं-विकत घेणं आजही कायदेशीर आहे, आणि अलीकडच्या वर्षांत रशिया, कझाकस्तान, ब्राझील अशा देशांतून आपण वर्षाला तीन लाख टनांहून जास्त ॲस्बेस्टॉस आणतो. सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगारांसाठी नियम घालून दिले. त्यांच्या तब्येतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवायला सांगितल्या. चाळीस वर्षं का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पण हे सगळं कारखान्यातल्या कामगारासाठी. चाळीवर चढून पत्रा कापणारा आपला मिस्त्री कुठल्या नोंदीत असणार?

आता मुद्द्यावर येतो. ओतूरकडचा माझा एक मित्र नवीन कांदा चाळ बांधतोय. दुकानदाराने त्याला सांगितलं, हा नवीन पत्रा आहे, यात ॲस्बेस्टॉस नाही. आणि पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर एका पानाची पीडीएफ पाठवली. शेवटची ओळ अशी: ‘नमुन्यात ॲस्बेस्टॉस आढळले नाही.’ मित्राने मला फॉरवर्ड केली आणि विचारलं, “भावा, तू लॅबवाल्यांचं सॉफ्टवेअर करतोस ना? हे खरं धरू का? मिस्त्री उद्या ग्राइंडर घेऊन येतोय.”

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आमचं प्रॉडक्ट मटेरियल तपासणाऱ्या लॅब वापरतात. नमुना आला की त्याला नंबर द्यायचा, कोणी काय बघितलं ते नोंदवायचं, शेवटी रिपोर्ट काढायचा. त्यामुळे एक गोष्ट मला चांगली माहितीये. रिपोर्टची शेवटची ओळ टाइप करायला दहा सेकंद लागतात. ती ओळ विश्वास ठेवण्यासारखी व्हावी म्हणून लॅब जे करते, ते त्या पानावर जवळजवळ दिसतच नाही. आज तेच बघू.

आधी तपासतात कसं? पत्र्याचा छोटा तुकडा घेतात. साध्या, कमी ताकदीच्या मायक्रोस्कोपखाली धागे शोधतात. गरज पडली तर ॲसिडने सिमेंट विरघळवून धागे मोकळे करतात. चिमट्याने एक-दोन धागे उचलून काचेच्या पट्टीवर एका खास लिक्विडच्या थेंबात ठेवतात. मग ती पट्टी ध्रुवित प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली जाते.

हे लिक्विड म्हणजे सगळी गंमत आहे. शाळेत केलेला प्रयोग आठवा. पायरेक्स काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते, कारण दोघांचा अपवर्तनांक जवळपास सारखा असतो. तसंच इथं. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा अपवर्तनांक १.५५ च्या आसपास, निळ्याचा १.७० च्या आसपास. अपवर्तनांक माहीत असलेल्या लिक्विडमध्ये धागा ठेवला की त्याच्या कडेला ठरावीक रंग दिसतात. त्या रंगांवरून, आकारावरून, आणि स्टेज फिरवल्यावर धागा कुठे उजळतो, कुठे काळा पडतो, यावरून माणूस ठरवतो. हो, माणूस ठरवतो. यात मशीन नंबर छापून देत नाही. डोळा, अनुभव आणि सवय यांचं काम आहे. म्हणूनच त्या डोळ्यावर पहारा लागतो.

चूक दोन बाजूंनी होऊ शकते. नसलेलं ‘आहे’ म्हणणं आणि असलेलं ‘नाही’ म्हणणं.

पहिली चूक कशी होते? कागदाचा लगदा, पॉलिथिनचे तंतू, टाल्कचे धागे हे घाईत ॲस्बेस्टॉससारखे वाटू शकतात. बिगर-ॲस्बेस्टॉस पत्र्यात सिमेंट धरायला लगदा आणि कृत्रिम धागेच घातलेले असतात, म्हणजे धागे दिसणारच. धागा दिसला एवढ्यावर निकाल देता येत नाही.

दुसरी चूक जास्त धोक्याची. क्रायसोटाइलचा सगळ्यात बारीक धागा एका मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाहूनही बारीक असतो. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला तो दिसूच शकत नाही. पत्र्यात धाग्यांचे जुडगे असतात म्हणून सापडतात. पण जुन्या विनाइल फरशीत धागे इतके बारीक असतात की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तेव्हा ‘आढळले नाही’ याचा खरा अर्थ असतो: या पद्धतीने, या तुकड्यात, एवढा वेळ बघून आढळलं नाही.

मग चांगली लॅब स्वतःला कशी तपासते?

एक, कोरा नमुना. ज्यात ॲस्बेस्टॉस नाही हे पक्कं माहीत आहे असं मटेरियल घ्यायचं आणि त्याला खऱ्या नमुन्याच्याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं. तेच चिमटे, तेच लिक्विड, तीच काच. त्यात धागा सापडला तर धागा नमुन्याचा नाही, लॅबचा आहे. हे समजायला दूध संकलन केंद्र आठवा. तुमच्या आधीच्या माणसाने म्हशीचं सात फॅटचं दूध लावलं आणि मशीन नीट न धुता तुमचं गाईचं दूध लावलं, तर फॅट वर दाखवेल. उलटं झालं तर तुमचा तोटा. म्हणून मध्ये पाणी मारतात. कोरा नमुना म्हणजे ते पाणी खरंच पुरेसं मारलं का, याची परीक्षा.

दोन, माहीत असलेला नमुना. ज्यात कोणतं ॲस्बेस्टॉस आहे ते पक्कं ठाऊक आहे, तो अधूनमधून लावायचा. सापडलाच पाहिजे. आपल्या खोडदला जीएमआरटी आहे ना, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश? तिथले शास्त्रज्ञ नवीन काही बघायच्या आधी आणि मधेमधे आकाशातल्या ओळखीच्या, तेज माहीत असलेल्या स्रोताकडे डिश वळवतात. ओळखीचं बरोबर दिसलं, तरच अनोळखी मोजण्याला अर्थ. लॅबचंही तेच.

यात एक बारीक गोष्ट खास आपल्या हवामानाची. ते लिक्विड साधारणपणे २५ अंश सेल्सिअसला मोजलेलं असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचा अपवर्तनांक साधारण ०.००४ ने उतरतो. आकडा किरकोळ वाटतो, पण रंग सरकायला तेवढा पुरतो. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत काम चाललं असेल आणि थर्मामीटरची नोंद नसेल, तर रंग बघून काढलेल्या निकालात शंका आलीच.

तीन, दुसरा डोळा. ठरावीक प्रमाणात नमुने दुसऱ्या माणसाने पुन्हा बघायचे, आणि पहिल्याने काय लिहिलं ते त्याला दिसता कामा नये. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हा कोड रिव्ह्यू आहे, फक्त आधीच्या कॉमेंट्स लपवलेला. पहिल्याचं उत्तर समोर असेल तर दुसरा नुसती मान डोलावतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा माणूस स्वतःचा निकाल सेव्ह करत नाही तोवर पहिला निकाल उघडतच नाही. दोन निकाल जुळले नाहीत तर रिपोर्ट अडतो. आधी वाटायचं, लोकांना याचा कंटाळा येईल. येतो. पण लॅबवाल्यांनीच ते मागून घेतलंय.

चार, बाहेरची परीक्षा. बाहेरची संस्था अनेक लॅबना नमुने पाठवते. उत्तर फक्त तिलाच माहीत. सगळ्यांचे निकाल एकत्र तपासले जातात. ब्रिटन-अमेरिकेत ॲस्बेस्टॉससाठी अशा खास योजना वर्षानुवर्षं चालू आहेत. आपल्याकडे लॅबना मान्यता देण्याचं काम एनएबीएल करतं, आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे. पण एक लक्षात ठेवा. मान्यता अख्ख्या लॅबला सरसकट नसते, एकेका टेस्टला असते. पाणी तपासायची मान्यता असलेल्या लॅबला ॲस्बेस्टॉसचीही असेलच असं नाही. कोणत्या टेस्टला आहे ती यादी एनएबीएलच्या वेबसाइटवर मोबाइलवरूनही बघता येते.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला? अनुभवी माणूस आहे, नव्वद-पंच्याण्णव टक्के बरोबर येतंय, बास की. जरा हिशोब करू. समजा एका लॅबकडे महिन्याला १०० नमुने येतात आणि त्यातले ९५ जुने सिमेंट पत्रे आहेत, म्हणजे ॲस्बेस्टॉसवाले. एक आळशी माणूस मायक्रोस्कोप न उघडता सगळ्यांवर ‘आहे’ लिहितो. तो ९५ टक्के बरोबर! आता उलटं करा. दुसऱ्या लॅबकडे ‘ॲस्बेस्टॉस नाही’ म्हणून विकलेले १०० पत्रे येतात, त्यातल्या दोघांत धागे आहेत. तिथला आळशी माणूस सगळ्यांवर ‘आढळले नाही’ लिहितो. तो ९८ टक्के बरोबर, आणि ज्या दोन पत्र्यांसाठी लॅब उघडली तेच दोन सुटले. मशीन लर्निंग शिकलेल्यांना हा सापळा लगेच ओळखू येईल. म्हणून लॅबला ‘तुमचं किती टक्के बरोबर येतं’ हे विचारून काही कळत नाही. विचारायचं ते हे: मुद्दाम मिसळलेले असलेले आणि नसलेले नमुने तुम्ही किती वेळा ओळखले?

हे पुस्तकी नाही. जॉन्सन बेबी पावडर घ्या. १८ ऑक्टोबर २०१९ ला कंपनीने अमेरिकेत एका लॉटचे सुमारे ३३,००० डबे परत मागवले, कारण तिथल्या एफडीएने करवलेल्या तपासणीत एका डब्यात अत्यल्प क्रायसोटाइल सापडलं. थोड्याच दिवसांत कंपनीने जाहीर केलं, आम्ही बाहेरच्या लॅबकडून पुन्हा तपासलं, काही नाही. एफडीए आपल्या निकालावर ठाम राहिली. आणि यातला सगळ्यात मजेशीर भाग: फेरतपासणीत काही नमुन्यांत आधी ॲस्बेस्टॉस सापडलंच होतं. कंपनीचं म्हणणं, ते आलं तपासणीच्या खोलीत लावलेल्या पोर्टेबल एसीतून. कोण बरोबर, ते बाजूला ठेवू. पण एवढ्या मोठ्या भांडणात प्रश्न शेवटी कोऱ्या नमुन्यावर येऊन थांबला. खोली स्वच्छ होती का?

याच पावडरची दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. तिथं मुद्दा ॲस्बेस्टॉसचा नव्हता, पीएचचा होता. पुणे आणि नाशिकमधून घेतलेले नमुने मानकात बसले नाहीत म्हणून राज्याच्या एफडीएने सप्टेंबर २०२२ मध्ये मुलुंडच्या कारखान्याचं लायसन्स रद्द केलं. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. कोर्टाने नवीन नमुने दोन सरकारी आणि एका खासगी लॅबकडे पाठवायला लावले. ते मानकात बसले, आणि जानेवारी २०२३ मध्ये लायसन्स रद्द करण्याचा आदेश कोर्टाने मोडीत काढला. कारवाईला झालेल्या उशिरावरही बोट ठेवलं. एका रिपोर्टच्या भरवशावर मोठा निर्णय उभा करायचा असेल तर फेरतपासणीची सोय आधीच लागते, हा त्यातला धडा.

आणि बांधकामाचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रेलियातलं पर्थ. तिथं २००३ च्या शेवटापासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी. तरी जुलै २०१६ मध्ये बांधकाम चालू असलेल्या मुलांच्या सरकारी हॉस्पिटलच्या छताच्या पॅनेलमध्ये ॲस्बेस्टॉस निघालं. पॅनेल चीनमधून आयात केलेली. इतके कडक नियम असलेल्या देशातही कागद एक बोलला आणि पॅनेल दुसरंच.

आता मित्राच्या पीडीएफकडे. मी त्याला फोनवर पाच गोष्टी बघायला सांगितल्या. नमुन्याचा नंबर आणि वर्णन आहे का? नव्हतं. कोणत्या पद्धतीने तपासलं ते आहे का? नव्हतं. कमीत कमी किती टक्के असेल तर त्या पद्धतीला सापडतं, तो आकडा आहे का? नव्हता. एनएबीएलचं चिन्ह? होतं, पण लॅबच्या यादीत ही टेस्ट दिसली नाही. आणि शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता. म्हणजे कोणीतरी कुठला तरी तुकडा नेऊन दिला होता. तो या दुकानातल्या, या ट्रकमधल्या पत्र्याचाच होता, असं त्या कागदात कुठेच नाही.

पत्रा खोटा आहे असं मी म्हणालो नाही. तसं म्हणायला माझ्याकडेही पुरावा नव्हता. मी म्हणालो, या कागदाने काहीच सिद्ध होत नाही, दोन्ही बाजूंनी. मग त्याला पत्र्यावर छापलेला आयएस नंबर बघायला सांगितला. ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्र्याचं भारतीय मानक आयएस ४५९, बिगर-ॲस्बेस्टॉसचं आयएस १४८७१. त्याने दुकानात जाऊन फोटो पाठवला. छाप पुसट होता, वाचता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, पण ग्राइंडर पिशवीतच राहिला. मापाचेच पत्रे मागवले, म्हणजे कापणं कमी. भोकं पाडायची तिथं पाणी मारून हाताच्या ड्रिलने. मिस्त्री कुरकुरला, अर्धा दिवस जास्त गेला, आणि मित्राने त्या अर्ध्या दिवसाची मजुरी दिली. चाळ उभी राहिली.

तुम्हाला याच्यातून काय घेता येईल ते सांगतो. जुना करडा सिमेंट पत्रा असेल तर लॅबमध्ये धावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. अख्खा असेल तर राहू द्या, घासू नका, हातोडा मारू नका, नमुन्यासाठी स्वतः तुकडा तोडायला तर जाऊच नका. काढावाच लागला तर ओला करून, न फोडता, अख्खा उतरवा. चुरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. तोंडाला रुमाल पुरत नाही, साधा एन-९५ मास्कही नाही; पी-१०० फिल्टरचा मास्क लागतो.

लॅबची गरज लागते ती कोणी ‘नाही’ म्हणतं तेव्हा. ग्रामपंचायत शाळेचं छत बदलणार असेल, ठेकेदार ‘ॲस्बेस्टॉस-फ्री’ पत्र्याचा दर लावणार असेल, तेव्हा ग्रामसभेत हात वर करा आणि विचारा. नमुना कोणी घेतला? त्या ट्रकमधून घेतला का? कोणती पद्धत? किती टक्क्यांपर्यंत सापडतं? या टेस्टला मान्यता आहे का? लॅबने कोरा नमुना लावला होता का, दुसऱ्या माणसाने बघितला का? चांगली लॅब या प्रश्नांनी चिडत नाही. तिच्याकडे उत्तरं नोंदवलेली असतात, उलट कोणी विचारलं तर बरंच वाटतं. जिथं ‘आमचं रिपोर्टिंग शंभर टक्के आहे’ एवढंच उत्तर येतं, तिथं दुसरी लॅब शोधा.

दूध घालताना आपण फॅटच्या आकड्यावर डोळा ठेवून उभे राहतो. ३.५ च्या जागी ३.४ आला तर पुन्हा लावायला सांगतो. दहा लिटर दुधासाठी जेवढी चौकशी करतो, तेवढी पोरांच्या डोक्यावरच्या छतासाठी करायला काय हरकत आहे?

तुमच्या गावात निसर्गनंतर शाळेचे पत्रे बदलले असतील, तर कोणते लागले ते बघा. छाप वाचता आला तर नंबर मला पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू मग. काळजी घ्या.